समूह-बॅकअपमधील अपयशी यंत्राची ओळख : अभिलेख-पडताळणीच्या इतिहासाच्या संदर्भात

प्रस्तावना :
बुलढाणा जिल्ह्यातील रोहिणखेड हे गाव १४३७ मध्ये बहमनी व फारुकी सैन्यांत झालेल्या लढाईमुळे इतिहासाच्या अभ्यासकांना परिचित आहे. लढाईची नोंद तवारिखांत राहिली. शेतकऱ्याच्या हक्काची नोंद मात्र गावच्या दप्तरात राहते. हे दप्तर आता संगणकात गेल्याने इतिहासाच्या साधनांचे जतन बॅकअपवर, म्हणजे राखीव प्रतीवर, अवलंबून आहे. अनेक यंत्रांची प्रत एकत्र घेताना नेमके कोणते यंत्र अपयशी ठरले हे कसे ओळखावे, याचा विचार प्रस्तुत लेखात करण्यात आला आहे.

दप्तराची पडताळणी :
गाव नमुना १ म्हणजे आकारबंद. त्यातील गावचे एकूण क्षेत्र आणि सर्व सातबारांवरील क्षेत्राची बेरीज जुळणे अपेक्षित असते. बेरीज चुकली तर चूक आहे एवढेच समजते. ती कोणत्या गटात आहे हे प्रत्येक गट तपासल्याशिवाय कळत नाही. उलट, एका गटातील वाढ दुसऱ्यातील घटीने झाकली गेल्यास बेरीज जुळूनही दोन्ही नोंदी चुकीच्या राहतात. भूमी अभिलेखांच्या संगणकीकरणाची केंद्र पुरस्कृत योजना १९८८-८९ मध्ये देशातील आठ जिल्ह्यांत सुरू झाली; त्यांत महाराष्ट्रातील वर्धा जिल्हा होता. पुढे २०१७ मध्ये संगणकीकृत सातबारांचे चावडी वाचन करण्यात आले. खातेदारासमोर त्याची स्वतंत्र नोंद वाचणे हेच त्या उपक्रमाचे मर्म होते.

आभासी यंत्रांचा उदय :
एकाच संगणकावर अनेक स्वतंत्र संगणक भासवण्याची कल्पना आयबीएमने १९६० च्या दशकात विकसित केली व १९७२ मध्ये व्हीएम/३७० ही प्रणाली जाहीर केली. १९९८ मध्ये स्थापन झालेल्या व्हीएमवेअरने ही कल्पना सामान्य सर्व्हरपर्यंत आणली. एका सर्व्हरवर दहा-वीस आभासी यंत्रे चालू लागल्यावर त्यांचा बॅकअप एकत्रित कार्य म्हणून रात्री घेण्याची पद्धत रूढ झाली. सोय वाढली, परंतु निकालही सामूहिक झाला.

समस्येचे स्वरूप व उपाय :
प्रॉक्समॉक्स या २००८ मध्ये आलेल्या प्रणालीचे उदाहरण बोलके आहे. तेथे प्रत्येक आभासी यंत्राला क्रमांक असतो. समूहातील एक यंत्र अपयशी ठरले तरी सामान्यतः उरलेल्यांचे काम पुढे चालते आणि संपूर्ण कार्यावर शेवटी त्रुटीचा शिक्का बसतो. या शेवटच्या ओळीत यंत्राचा क्रमांक नसतो. तो कार्याच्या नोंदवहीत मधल्या ओळींत असतो; कारण प्रत्येक यंत्राचा आरंभ, शेवट व त्रुटी तेथे क्रमांकासह नोंदविली जाते. म्हणून नोंदवही वरून खाली, काळाच्या क्रमाने वाचावी. साठवणुकीची जागा संपल्यास त्यानंतरची अनेक यंत्रे अपयशी दिसतात. अशा वेळी पहिली त्रुटीच मूळ कारणाकडे नेते. आधीचा बॅकअप अर्धवट थांबून यंत्राला कुलूप राहिले असल्यास मात्र तेवढेच यंत्र वगळले जाते.

तथापि नोंदवही पुरेशी नाही. नवे यंत्र समूहाच्या यादीत घालण्याचे राहून गेले तर ते कधीच अपयशी दिसत नाही. कार्य यशस्वी होते आणि प्रत मात्र नसते. यासाठी चालू असलेल्या यंत्रांची यादी आणि साठवणुकीतील प्रती यांचा क्रमांक, दिनांक व आकारानुसार ताळा घ्यावा. दोष दूर केल्यावर केवळ त्याच यंत्राचा बॅकअप पुन्हा घ्यावा व प्रत प्रत्यक्ष उघडून पाहावी.

निष्कर्ष :
आकारबंदाची बेरीज असो वा समूह-बॅकअपचा निकाल, समूहाचे यश हा घटकाच्या सुरक्षिततेचा पुरावा ठरत नाही. महाराष्ट्रात १ मे २०१८ पासून डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा उपलब्ध झाला. अशा नोंदी उद्याच्या इतिहासकाराची साधने आहेत. शंभरातील नव्याण्णव प्रती सुरक्षित असल्या, तरी ज्याची नोंद शंभराव्या प्रतीत होती त्याच्यासाठी सारे दप्तरच हरवलेले असते. म्हणून पडताळणीचे एकक समूह नव्हे, तर घटक असणे आवश्यक आहे.