हस्तसंगणकाधारित बिनतारी संगीतयंत्र

हस्तसंगणकाधारित बिनतारी संगीतयंत्र म्हणजे तळहातावर मावणारा संगणक वाय-फाय जाळ्याला जोडून, घरातील दुसऱ्या संगणकावर साठवलेले संगीत ऐकण्यासाठी घरच्या घरी उभारलेली व्यवस्था होय. वापरातून बाद झालेल्या हस्तसंगणकाला अशा रीतीने नवे काम मिळते.

पार्श्वभूमी

इ.स. २००० मध्ये कॉम्पॅक कंपनीने आयपॅक एच३६०० मालिकेतील हस्तसंगणक बाजारात आणले. त्यांत २०६ मेगाहर्ट्‌झचा स्ट्राँगआर्म प्रक्रियक होता. एच३६३० या प्रतिमानाची कार्यस्मृती ३२ मेगाबाइट होती. १२८ किलोबिट प्रतिसेकंद दराचे एमपी३ संगीत मिनिटाला सुमारे १ मेगाबाइट जागा व्यापते. त्यामुळे सारी स्मृती वापरली तरी अर्ध्या तासाहून फारसे अधिक संगीत तीत मावत नसे. संगीत दुसरीकडे ठेवून ते गरजेपुरते मागवणे, हा त्यावरील उपाय होता.

रचना

या व्यवस्थेचे तीन भाग असतात.

१. भांडार-संगणक : यावर गाण्यांच्या फाईली असतात. आइसकास्टसारखी मुक्तस्रोत आज्ञावली येथून संगीताचा अखंड प्रवाह पाठवते.
२. राउटर : हा प्रवाह बिनतारी लहरींद्वारे पुढे जातो. ८०२.११बी या मानकाचा कमाल वेग ११ मेगाबिट प्रतिसेकंद आहे. प्रत्यक्षातील वेग बराच कमी असला, तरी संगीताला तो पुरतो.
३. हस्तसंगणक : जुन्या आयपॅकमध्ये वाय-फाय अंगभूत नसल्याने बाहेरून जोडावयाच्या आवरणात वाय-फायचे कार्ड बसवावे लागते. हेडफोनच्या खाचेतून तार काढून ध्वनिवर्धक जोडतात.

कार्यपद्धती

बिनतारी संपर्क क्षणभर तुटला तरी गाणे थांबू नये, म्हणून संगीताचा पुढील अंश आधीच स्मृतीत साठवला जातो. १२८ किलोबिट म्हणजे १६ किलोबाइट. म्हणून १० सेकंदांच्या खंडासाठी १६० किलोबाइट साठा पुरेसा होतो.

स्ट्राँगआर्ममध्ये दशांश अपूर्णांकांची आकडेमोड करणारा स्वतंत्र विभाग नाही. ही आकडेमोड आज्ञावलीकडून करून घेतल्यास प्रक्रियकावर भार पडून आवाज अडखळतो. म्हणून केवळ पूर्णांकांच्या साहाय्याने एमपी३ उलगडणारी ‘मॅड’ ही मुक्तस्रोत आज्ञावली अशा यंत्रांवर उपयुक्त ठरली.

मर्यादा आणि सुरक्षितता

मूळ पॉकेट पीसी प्रणालीतील आज्ञावली व मांडणी कार्यस्मृतीत राहत असल्याने विजेरी पूर्ण उतरल्यावर ती पुसली जात असे. फ्लॅश स्मृतीत बसणारी लिनक्सची ‘फॅमिलियर’ ही आवृत्ती या दृष्टीने सोयीची होती. जुनी लिथियम विजेरी फुगण्याची शक्यता असते. अशी विजेरी दाबणे वा टोचणे धोक्याचे असल्याने तिचा वापर तत्काळ थांबवावा लागतो.

याहून गंभीर प्रश्न जाळ्याच्या सुरक्षिततेचा आहे. अनेक जुनी कार्डे केवळ वेप ही कूटपद्धती जाणतात. तिच्यातील मूलभूत दोष इ.स. २००१ मध्येच उघड झाले आणि ती सहज भेदता येते. एका संगीतयंत्राच्या सोयीसाठी राउटर वेपवर ठेवल्यास घरातील सर्वच उपकरणे उघडी पडतात. म्हणून अशा यंत्रासाठी मुख्य जाळ्यापासून पूर्णपणे विलग, इंटरनेटशी न जोडलेले जाळे उभारणे इष्ट असते.

नंतरची वाटचाल

इ.स. २००३ मध्ये स्क्वीझबॉक्स हे याच तत्त्वावरील तयार बिनतारी यंत्र विक्रीस आले. इ.स. २०१२ मधील रास्पबेरी पाय या स्वस्त संगणकानंतर हौशी रचनाकारांना हस्तसंगणकाला सोयीचा पर्याय मिळाला. भांडार एकीकडे आणि वादन दुसरीकडे ही मूळ विभागणी मात्र या यंत्रांतही कायम राहिली.