घडीच्या खुर्चीवर हक्क कुणाचा?

समजा, तेरणाकाठच्या माकणीत एका वेल्डिंगवाल्यानं घडीची अशी खुर्ची केली, की उलटवली की तिची शिडी होते. महिन्याभरात उमरग्याच्या बाजारात तशीच खुर्ची दुसऱ्याच्या नावानं दिसली. आता हक्क कुणाचा?

कायदा या खुर्चीकडं दोन नजरांनी बघतो. खुर्चीची शिडी होते ती युक्ती, म्हणजे पेटंटचा विषय. मुदत २० वर्षं. आणि खुर्ची दिसते कशी, तिचा आकार, म्हणजे डिझाइन. त्याची नोंदणी १० वर्षांची, वाढवून १५. दोन्हीकडं पहिला प्रश्न मात्र एकच: हे आधी कुणी केलं होतं का?

या प्रश्नानं भल्याभल्यांना पाडलंय. १९३८ साली ब्युनोस आयर्समध्ये तीन आर्किटेक्टनी सळईच्या सांगाड्यावर झोळीसारखं चामडं लटकवून खुर्ची केली. तीच ती ‘बटरफ्लाय चेअर’. अमेरिकेत नोल कंपनी ती विकायला लागली, लगेच नकला निघाल्या. नोल कोर्टात गेली आणि हरली! कारण जोसेफ फेन्बी या इंग्रज इंजिनिअरनं १८७७ मध्येच लाकडी घडीच्या खुर्चीचं पेटंट घेतलं होतं, आणि तिच्यातही चार टोकांना अडकवलेली तशीच झोळी होती.

असंच एक भांडण आपल्या मुंबई हायकोर्टातही गाजलं. वस्तू खुर्ची नव्हती, वॉशिंग मशीन होतं. एका बाजूला व्हर्लपूल, दुसऱ्या बाजूला व्हिडिओकॉन, म्हणजे आपल्या मराठवाड्यात, औरंगाबादेत वाढलेली कंपनी. व्हर्लपूलनं २००९ मध्ये डिझाइन नोंदवलं होतं: मशीनची एक बाजू चौकोनी, दुसरी गोलाकार. २०१२ मध्ये व्हिडिओकॉनचं ‘पेबल’ बाजारात दिसलं आणि व्हर्लपूल कोर्टात गेली.

व्हिडिओकॉनचा बचाव ऐका: ‘आमच्याही डिझाइनची नोंदणी आहे. मग नोंदणी असलेल्यावर दावा कसा काय?’ ऐकायला पटतं ना? पण मे २०१४ मध्ये न्यायमूर्ती काथावाला यांनी ते मानलं नाही. नोंदणीचा कागद म्हणजे चिलखत नव्हे; आधी नोंदवणारा नंतर नोंदवणाऱ्यावर दावा करू शकतो. रंग किंवा बटणं थोडी वेगळी केली म्हणून आकार वेगळा होत नाही, ते डोळ्यांनीच ठरवायचं. कोर्टानं व्हिडिओकॉनला अंतरिम मनाई केली.

म्हणजे बघा, नोलला जुनी खुर्ची नडली आणि व्हिडिओकॉनला आधीची नोंद. दोन्हीकडं तारीखच बोलली.

आता आपल्या वेल्डिंगवाल्याकडं येऊ. त्यानं खुर्ची तयार झाल्या झाल्या काय केलं असेल? रील टाकलं असेल! तिथंच गोची आहे. अर्ज करण्याआधी वस्तू जगाला दाखवली, की कायद्याच्या नजरेत ती ‘नवी’ राहत नाही. स्वतःचंच रील स्वतःच्या विरोधात पुरावा होतं. नक्कल करणारा कोर्टात तेच दाखवणार.

म्हणून क्रम लक्षात ठेवा: आधी अर्ज, मग रील. डिझाइनचा अर्ज कोलकात्याच्या ऑफिसकडं जातो, पण तो ऑनलाइन भरता येतो. माकणीतूनसुद्धा!

तुमच्या गावात असं भन्नाट काही बनवणारं कुणी असेल, तर हा भाग त्यांना आजच ऐकवा. भेटू पुढच्या भागात!