विदर्भाचा रणजी हंगाम आणि पाडव्याचे साल

यवतमाळ जिल्ह्याच्या दक्षिण टोकाला झरी जामणी हा तालुका आहे. पैनगंगा ओलांडली की तेलंगणाची हद्द लागते. काळ्या जमिनीत कापूस आणि तूर, मधूनमधून सागाचे रान, डोंगरकडेला कोलामांचे पोड, असे या मुलखाचे रूप. अशा तालुक्याचा नागपूरच्या क्रिकेटशी संबंध तो काय, असे शहरातील श्रोत्याला सहजच वाटेल. संबंध आहे आणि तो दोन प्रकारचा आहे. विदर्भाच्या अकरा जिल्ह्यांचा म्हणून जो एक संघ रणजी करंडकासाठी मैदानात उतरतो त्यात यवतमाळ जिल्हा मोडतो, हा झाला कागदोपत्री संबंध. दुसरा संबंध शेतातला आहे. या भागात सालगडी ठेवण्याची पद्धत जुनी. गुढीपाडव्याला साल सरते. त्या सुमारास मालक आणि गडी समोरासमोर बसतात, धान्य आणि रोकड ठरते, आणि जमले नाही तर गडी दुसऱ्याच्या शेतावर जातो. रणजीचा हंगामही अलीकडे बहुधा पाडव्याच्या सुमारासच संपतो, आणि मग क्रिकेटच्या संघांतही असेच साल ठरू लागते. उपमा थोडी राकट आहे हे खरे. परंतु विदर्भाच्या संघाचा गेल्या काही वर्षांचा इतिहास तिच्यावाचून नीट सांगता येत नाही.

गुणी माणसाने बाहेर जावे आणि त्याच्या कर्तृत्वाचे माप दुसऱ्याच्या पदरात पडावे, हा अनुभव नागपूरला नवा नाही. कर्नल सी. के. नायडू यांचा जन्म १८९५ साली नागपुरात झाला. खेळाचे पहिले धडेही त्यांनी तेथेच गिरवले. १९२३ मध्ये तुकोजीराव होळकरांनी त्यांना इंदूरला बोलावून घेतले. १९३२ साली हिंदुस्थानच्या पहिल्या कसोटी सामन्यात तेच कर्णधार होते. पुढे होळकर संघाने रणजी करंडक चार वेळा जिंकला. त्या काळी खेळाडूचे साल राजेलोक ठरवीत, एवढाच फरक. इकडे मध्यप्रांत व वऱ्हाड या नावाचा संघ १९३४-३५ च्या पहिल्या हंगामापासून स्पर्धेत होता. यवतमाळ तेव्हा वऱ्हाडात होते. विदर्भ हे नाव घेऊन संघ प्रथम उतरला तो १९५७-५८ मध्ये. त्यानंतरची साठ वर्षे करंडकाविना गेली. त्यांचे वर्णन लांबविण्यात अर्थ नाही. मुंबई, दिल्ली, कर्नाटक यांनी जिंकावे आणि विदर्भाने हजेरी लावावी, असा तो क्रम होता.

या काळात दोन गोष्टी मात्र घडत होत्या. २००८ साली नागपूरच्या दक्षिणेस जामठा येथे मोठे क्रीडांगण सुरू झाले. झरी जामणीचा माणूस पांढरकवड्याच्या वाटेने नागपूरला निघाला तर शहर येण्यापूर्वी त्याला हेच क्रीडांगण लागते. दुसरी गोष्ट, खाणकामगाराचा मुलगा उमेश यादव. वेस्टर्न कोलफील्ड्सच्या ज्या कंपनीत त्याचे वडील कामाला होते, तिच्या खाणी झरी जामणीला लागून असलेल्या वणी तालुक्यातही आहेत. २०११ मध्ये उमेश भारताकडून कसोटी सामना खेळला. विदर्भाच्या संघातून कसोटीपर्यंत पोहोचलेला तो पहिला खेळाडू. मैदान आले, वेगवान गोलंदाज आला, तरी करंडक दूरच राहिला.

तेव्हा संघाने जे केले ते पाडव्याला करतात तेच. क्रिकेट मंडळाच्या नियमाप्रमाणे प्रत्येक संघाला बाहेरचे तीन खेळाडू घेता येतात. त्यांना आपल्याकडे ‘पाहुणे खेळाडू’ म्हणतात. खेळाडूने आपल्या मूळ संघटनेचा ना-हरकत दाखला आणायचा आणि नव्या संघाशी मोबदल्याचा करार करायचा. मुंबईचा वसीम जाफर आणि कर्नाटकाचा गणेश सतीश असे विदर्भाकडे आले. २०१७ च्या उन्हाळ्यानंतर प्रशिक्षक म्हणून चंद्रकांत पंडित आले. हे गृहस्थ कडक शिस्तीचे. त्यांच्या देखरेखीखाली मुंबईने तीन वेळा करंडक जिंकला होता. परंतु जानेवारी २०१७ मध्ये इंदूरच्या होळकर मैदानावर मुंबई अंतिम सामन्यात गुजरातकडून हरली आणि मुंबईने त्यांना निरोप दिला. एकाने सोडलेला गडी दुसऱ्याने ठेवला म्हणायचा.

२०१७-१८ च्या हंगामात विदर्भाने आपल्या गटात पहिला क्रमांक मिळविला. उपांत्यपूर्व सामन्यात सुरत येथे केरळचा ४१२ धावांनी पराभव केला. उपांत्य सामना डिसेंबरात कलकत्त्याच्या ईडन गार्डन्सवर कर्नाटकाशी झाला. या एका सामन्यापाशी थोडे थांबले पाहिजे, कारण संघाचे दैव येथेच फिरले. विदर्भाचा पहिला डाव १८५ धावांत आटोपला. कर्नाटकाने ३०१ केल्या. त्यात करुण नायरच्या एकट्याच्या १५३ होत्या. हे नाव श्रोत्यांनी लक्षात ठेवावे. ११६ धावांच्या पिछाडीवरून विदर्भाने दुसऱ्या डावात ३१३ केल्या. त्यात सर्वांत मोठा वाटा, ८१ धावांचा, गणेश सतीशचा, म्हणजे एकेकाळच्या कर्नाटकाच्याच खेळाडूचा. कर्नाटकाला विजयासाठी १९८ हव्या होत्या. चौथ्या दिवसाअखेर त्यांचे ७ गडी १११ धावांत बाद झाले होते आणि विदर्भाचा विजय दारात उभा होता. पण पाचव्या दिवशी सकाळी कर्नाटकाच्या शेपटाने असा काही प्रतिकार केला की धाव धाव करीत ते १९२ पर्यंत येऊन पोहोचले. अखेरचा गडी बाद झाला तेव्हा अंतर अवघे ५ धावांचे होते. रजनीश गुरबाणी या नागपूरच्या तरुणाने त्या डावात ६८ धावांत ७ बळी घेतले, आणि पहिल्या डावात ५. स्थापत्यशास्त्राची पदवी घेतलेला हा मुलगा. बांधकाम सोडून पाडापाडीत तो निपुण झाला!

अंतिम सामना दिल्लीशी, आणि तोही इंदूरला, होळकर मैदानावर. नागपूरचे नायडू ज्या शहरात नावारूपाला आले तेथेच नागपूरकरांनी यावे, आणि पंडितांनी एका वर्षापूर्वी जेथे हार खाल्ली तेथेच पुन्हा बसावे, असा तो योग होता. दिल्लीने २९५ केल्या. त्यातल्या १४५ ध्रुव शोरेच्या. हेही नाव पुढे येणार आहे. गुरबाणीने लागोपाठच्या तीन चेंडूंवर तीन बळी घेतले, आणि त्यांतला तिसरा हा शोरेच. रणजीच्या अंतिम सामन्यात असा पराक्रम त्यापूर्वी एकदाच, १९७२-७३ मध्ये तमिळनाडूच्या कल्याणसुंदरम यांनी केला होता. विदर्भाने ५४७ धावा उभ्या केल्या. यष्टिरक्षक अक्षय वाडकरने १३३ काढून पहिलेच शतक पुरे केले. दिल्लीचा दुसरा डाव २८० वर संपला आणि विजयासाठी उरल्या २९. १ जानेवारी २०१८ रोजी विदर्भ ९ गडी राखून जिंकला. विजयाचा फटका वसीम जाफरचा होता.

लगेच कुरकुर सुरू झाली, की प्रशिक्षक मुंबईचा, अनुभवी फलंदाज मुंबईचा, दुसरा कर्नाटकाचा, मग यात विदर्भाचे काय? हा आक्षेप वरवरचा आहे. कर्णधार फैज फझल नागपूरचा. त्याने त्या हंगामात ९१२ धावा केल्या. गुरबाणीचे ३९ बळी होते. वाडकर, आदित्य सरवटे, अक्षय वखरे ही सर्व येथेच घडलेली मुले. पाहुण्याने शेत नांगरले नाही. नांगर सरळ कसा धरावा हे त्याने दाखविले आणि वेळप्रसंगी खांदाही दिला. ज्याने सालगड्याबरोबर स्वतः राबून शेती केली आहे त्याला यातला भेद समजावून सांगावा लागत नाही.

एकदा जिंकणे हा योगायोग म्हणता येईल, लागोपाठ दोनदा जिंकणे नव्हे. २०१८-१९ मध्ये विदर्भाने वायनाडच्या कृष्णगिरी मैदानावर उपांत्य सामन्यात केरळला एक डाव आणि ११ धावांनी हरविले. उमेश यादवने त्या सामन्यात १२ बळी घेतले. अंतिम सामना या वेळी घरी, जामठ्याला, सौराष्ट्राशी. पहिल्या डावात यवतमाळ जिल्ह्याचा अक्षय कर्णेवार नाबाद ७३ धावा करून गेला, म्हणूनच ३१२ ची मजल गाठता आली. सौराष्ट्राने ३०७ केल्या, म्हणजे आघाडी केवळ पाचाची. डावखुऱ्या फिरकीच्या सरवटेने सामन्यात ११ बळी घेतले. चेतेश्वर पुजारासारख्या मातब्बराला त्याने दोन्ही डावांत मिळून एकच धाव करू दिली. विदर्भ ७८ धावांनी जिंकला. चाळिशीतल्या जाफरच्या हंगामातील धावा १०३७ झाल्या. नंतरच्या इराणी करंडकात कर्णेवारने शतक ठोकले. हा कर्णेवार दोन्ही हातांनी गोलंदाजी करतो. २०२१ मध्ये वीस षटकांच्या एका सामन्यात मणिपूरविरुद्ध त्याने चार षटकांत एकही धाव दिली नाही आणि दोन गडी बाद केले. जिल्ह्याने याची आठवण ठेवावी.

पुढे साल बदलले. मार्च २०२० मध्ये जाफर निवृत्त झाला. त्याच वर्षी पंडित मध्यप्रदेशाकडे गेले. महामारीमुळे २०२०-२१ चा हंगाम झालाच नाही. १९३४ पासून असा खंड प्रथमच पडला. जून २०२२ मध्ये बंगळूरच्या मैदानावर पंडितांच्या मध्यप्रदेशाने मुंबईला हरवून आपला पहिला रणजी करंडक मिळविला. तेवीस वर्षांपूर्वी याच मैदानावर मध्यप्रदेशाचे कर्णधार म्हणून ते अंतिम सामना हरले होते. विदर्भाने त्यांना जाऊ दिले हे चूक की बरोबर, यावर नागपुरात बरीच चर्चा झाली. मात्र मार्च २०२४ च्या उपांत्य सामन्यात जे घडले त्याने ती निकालात निघावी. मध्यप्रदेशाचा संघ पंडितांना घेऊन जामठ्याला आला. पहिल्या डावात विदर्भ ८२ धावांनी मागे होता. दुसऱ्या डावात यश राठोडने १४१ काढल्या, आणि विदर्भाने ६२ धावांनी सामना जिंकला. गुरूची विद्या शिष्यांनी गुरूच्याच पुढ्यात सिद्ध केली.

त्या हंगामात विदर्भाकडे दोन नवे पाहुणे होते. एक कर्नाटकाचा करुण नायर, दुसरा दिल्लीचा ध्रुव शोरे. सहा वर्षांपूर्वी ज्या दोघांना बाद करण्यासाठी विदर्भाच्या गोलंदाजांनी घाम गाळला होता तेच दोघे आता त्यांच्या पंक्तीला बसले. आणि त्याच हंगामात, फेब्रुवारी २०२४ मध्ये, फैज फझलने खेळाचा निरोप घेतला. २०१६ साली झिंबाब्वेत भारतातर्फे खेळलेल्या एकमेव एकदिवसीय सामन्यात त्याने नाबाद ५५ धावा केल्या होत्या, तरी त्याला पुन्हा बोलावणे आले नाही. क्रिकेटमधील अन्यायांची यादी केली तर हा वरच्या बाजूला घालावा लागेल. अंतिम सामन्यात वानखेडे मैदानावर मुंबईने विदर्भापुढे ५३८ धावांचे लक्ष्य ठेवले. पहिल्या डावात १०५ वर कोसळलेल्या संघाने दुसऱ्यात ३६८ पर्यंत झुंज दिली. नवा कर्णधार वाडकर १०२ करून बाद झाला, आणि मुंबईने करंडक बेचाळिसाव्यांदा नेला.

मग पुन्हा साल ठरले, आणि या वेळी घरचा गडी बाहेर गेला. अंतिम सामन्यात ११ बळी घेऊन ज्याने दुसरा करंडक मिळवून दिला तो आदित्य सरवटे केरळचा पाहुणा खेळाडू झाला. त्याच्या जागी हर्ष दुबे हा तरुण, तोही डावखुऱ्या फिरकीचा, पुढे आला. २०२४-२५ मध्ये त्याने ६९ बळी घेतले. एका रणजी हंगामात इतके बळी त्यापूर्वी कोणीही घेतले नव्हते. आधीचा उच्चांक बिहारच्या आशुतोष अमनचा, ६८ चा होता. राठोडने ९६० धावा केल्या. उपांत्य सामन्यात मुंबईला ८० धावांनी हरवून विदर्भाने वानखेडेचे उट्टे काढले. अंतिम सामन्यात, जामठ्याला, समोर केरळ उभा राहिला. केरळ प्रथमच अंतिम फेरीत पोहोचला होता, आणि त्याच्या संघात सरवटे होता.

सामन्याच्या आरंभी विदर्भाचे तीन गडी २४ धावांत गेले. तेथून दानिश मालेवार आणि करुण नायर यांनी २१५ धावांची भागी केली. मालेवार १५३ वर आणि नायर ८६ वर बाद झाला. एकूण धावा ३७९. केरळच्या डावात सचिन बेबीने ९८ आणि सरवटेने ७९ केल्या. सामना अनिर्णित राहिला तर पहिल्या डावात आघाडी घेणारा करंडक नेतो, असा नियम असल्याने या ७९ धावांचे वजन दोन्ही बाजूंना ठाऊक होते. ज्या मैदानावर सरवटेला विदर्भाने खांद्यावर घ्यावे तेथे त्याच्या प्रत्येक धावेने विदर्भाच्या छातीत धडकी भरत होती. त्याने आपल्या नव्या धन्याशी कोणतीही कुचराई केली नाही, आणि नागपूरच्या रसिकांनी त्याबद्दल त्याला दूषण देण्याचे कारण नाही. केरळचा डाव ३४२ वर संपला. ३७ धावांची ती आघाडी विदर्भाला पुरली. दुसऱ्या डावात नायरने १३५ काढल्या, आणि २ मार्च २०२५ रोजी सामना अनिर्णित सुटून करंडक तिसऱ्यांदा विदर्भाकडे आला. या वेळी प्रशिक्षक उस्मान घनी होते. तेही विदर्भाचेच जुने खेळाडू.

त्यानंतरच्या उन्हाळ्यात नायर आपल्या कर्नाटकाकडे परतला. अमरावतीचा जितेश शर्मा बडोद्याला गेला. मूळचा कर्नाटकाचा आर. समर्थ विदर्भात आला. ऑक्टोबर २०२५ मध्ये जामठ्याला इराणी करंडकाचा सामना झाला. अथर्व तायडेने १४३ धावा केल्या, आणि शेष भारताचा ९३ धावांनी पराभव करून तो करंडकही विदर्भाने तिसऱ्यांदा घेतला.