हजाराचा हिशेब

मुख्याध्यापकांपुढे पगारवाढीची गोष्ट काढायची म्हटली, की माझी जीभ टाळ्याला चिकटते. आपल्या कामाची किंमत आपणच कशी सांगावी? अशा वेळी मला आमच्या सोलापूरच्या पूर्व भागातील विडीकामगार बायका आठवतात.

यांतल्या पुष्कळजणी पद्मशाली घरांतल्या. मांडीवर सूप घ्यायचे, कापलेल्या तेंदूपानात तंबाखू भरून विडी वळायची, दोऱ्याने बांधायची. मजुरी हजारावर. पण कारखान्यात विड्या मोजून दिल्या, की तपासणारा त्यांतल्या काही ‘छाट’ म्हणून बाजूला काढी. विडी गेली, तिची मजुरीही गेली! आणि दाद मागावी, तर घरी बसून काम करणारी बाई कामगार कशी?

१९४८ च्या किमान वेतन कायद्याच्या यादीत विडीचा धंदा होताच. १९६६ च्या विडी व सिगार कामगार कायद्याने घरी विड्या वळणारीलाही कामगार म्हटले, आणि छाट व तिची मजुरी यांवरचे तंटे सरकारी अधिकाऱ्यापुढे नेण्याची वाट करून दिली. मालक सर्वोच्च न्यायालयात गेले. १९७४ च्या निकालानंतरही कायदा टिकला.

वाचकहो, त्याने छाट काही संपली नाही. पण ‘माझ्या हजार विड्या मोजा’ असे म्हणायला त्या बाईला आधार मिळाला.

दिवाळीची सुट्टी संपली, की मीही अर्ज लिहीन म्हणतो. गाऱ्हाणे थोडक्यात, शिकवलेल्या तासांचा हिशेब मात्र पुरा.