मार्ग पुनर्वितरण

मार्ग पुनर्वितरण ही संगणक जालातील एक प्रक्रिया आहे. एका मार्गनिर्देशन प्रोटोकॉलकडून राउटरला कळलेले मार्ग या प्रक्रियेत दुसऱ्या प्रोटोकॉलद्वारे पुढे जाहीर केले जातात. तिला रूट रिडिस्ट्रिब्यूशन असेही म्हणतात. दोन संस्थांची जाले जोडताना किंवा जुना प्रोटोकॉल टप्प्याटप्प्याने बदलताना तिची गरज भासते. दोन्ही प्रोटोकॉल चालवणारा सीमेवरील राउटर हे काम करतो.

== मार्गमूल्याचा प्रश्न ==
प्रत्येक प्रोटोकॉलची मार्ग मोजण्याची रीत निराळी असते. रिप हा प्रोटोकॉल केवळ वाटेतील टप्पे मोजतो. त्यात १५ ही कमाल मर्यादा असून १६ म्हणजे मार्ग अगम्य. ओएसपीएफमध्ये दुव्याचा खर्च सहसा त्याच्या वहनक्षमतेवरून ठरवतात. या दोन मापांचे परस्परांत रूपांतर होत नाही. त्यामुळे सीमेवरील राउटर मार्गाला नवे प्रारंभिक मूल्य देतो आणि मूळ अंतराची माहिती तेथेच लोपते. नियंत्रणाची गरज यातूनच निर्माण होते.

== चक्राचा धोका ==
रिप आणि ओएसपीएफ यांच्या सीमेवर ‘क’ आणि ‘ख’ असे दोन राउटर आहेत, असे मानू. रिपच्या बाजूचे एक जाल ५ टप्पे दूर आहे. ‘क’ त्याचा मार्ग ओएसपीएफमध्ये जाहीर करतो. ‘ख’ला तोच मार्ग दोन्हीकडून कळतो. सिस्को कंपनीच्या राउटरांत ओएसपीएफची विश्वासक्रम-संख्या ११० व रिपची १२० असते आणि लहान संख्येला प्राधान्य मिळते. म्हणून ‘ख’ जवळची वाट सोडून ओएसपीएफची वाट धरतो. त्यानंतर त्याने तो मार्ग १ या मूल्याने रिपमध्ये परत जाहीर केला, तर शेजारचे राउटर ‘ख’लाच अधिक जवळचा समजतात. अशा वेळी माहितीची पाकिटे इष्ट स्थळी न पोहोचता चक्रात फिरत राहू शकतात.

== नियंत्रणाची साधने ==
* गाळणी : ठरावीक पत्त्यांचेच मार्ग पुढे जाऊ देणारी यादी.
* खूणचिठ्ठी : मार्ग सीमा ओलांडताना त्याला क्रमांक जोडतात, दुसऱ्या सीमेवर तो क्रमांक दिसताच मार्ग परत जाऊ दिला जात नाही. रिपच्या दुसऱ्या आवृत्तीत यासाठी १६ बिटांची, तर ओएसपीएफच्या बाह्य मार्गांत ३२ बिटांची जागा असते.
* विश्वासक्रमात बदल : बाहेरून आलेल्या मार्गांची संख्या वाढवून मूळ मार्गाला प्राधान्य देणे.
* एकदिश पुनर्वितरण : एकाच दिशेने मार्ग पाठवून उलट दिशेस केवळ मूलभूत मार्ग देणे.

== महाजालावरील परिणाम ==
पुढे गेलेल्या मार्गांवर अंकुश नसल्यास हानी एका संस्थेपुरती राहत नाही. २५ एप्रिल १९९७ रोजी ७००७ क्रमांकाच्या स्वायत्त प्रणालीतून असंख्य परकीय मार्ग, २५६ पत्त्यांच्या लहान तुकड्यांच्या रूपात, स्वतःचेच असल्याप्रमाणे बीजीपीद्वारे जाहीर झाले. राउटर अधिक नेमक्या मार्गाला प्राधान्य देत असल्याने महाजालावरील बरीच वाहतूक भलतीकडे वळली. २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या आरएफसी ८२१२ या मानकाने, स्पष्ट धोरण नेमलेले नसल्यास बीजीपीच्या बाह्य शेजाऱ्यांशी मार्गांची देवाणघेवाण होऊ नये, असे ठरवले.