इंग्रजी शब्दयोगी अव्ययाचें कर्म

इंग्रजी शिकणाऱ्या मराठी विद्यार्थ्याला आरंभींच सांगण्यांत येतें कीं, प्रिपोझिशननंतर येणारें नाम हें त्या प्रिपोझिशनचें कर्म होय. विद्यार्थी बुचकळ्यांत पडतो. क्रियापदाला कर्म असतें, हें त्याला ठाऊक असतें. परंतु 'इन', 'टु', 'फ्रॉम' या अव्ययांत क्रिया कोठें आहे? नामाचें रूपही बदललेलें दिसत नाहीं. मग तें कर्म ओळखावयाचें कशावरून? या शंकेचें खरें उत्तर इंग्रजी भाषेच्या इतिहासांत आहे.

नवव्या शतकांत, आल्फ्रेड राजाच्या काळीं, इंग्रजी नामांना विभक्तिप्रत्यय लागत, आणि प्रत्येक अव्यय आपल्यापुढील नामाकडून ठराविक विभक्ति मागत असे. 'टु' चतुर्थी मागे. आजच्या 'थ्रू'चा पूर्वज 'थुर्ह' द्वितीया मागे. 'इन' तर अर्थाप्रमाणें दोन्ही घेई. घरांत असणें म्हणावयाचें तर 'हूसे' हें चतुर्थीचें रूप. घरांत शिरणें म्हणावयाचें तर 'हूस' हें द्वितीयेचें. मराठींत 'घर' या शब्दाचें 'घरा' झाल्यावांचून त्याला 'मागें' किंवा 'जवळ' जोडतां येत नाहीं. अव्ययाची नामावरील अशीच सत्ता त्या काळीं इंग्रजींतही उघड दिसत असे.

पुढें शब्दांतीं येणारे आघातहीन स्वर अस्पष्ट होऊं लागले. उत्तरेकडून आलेल्या स्कँडिनेव्हियन लोकांच्या सहवासानें ही झीज वाढली. १०६६ सालच्या नॉर्मन विजयानंतर जुन्या लेखनाची परंपरा खंडित झाली. १४०० सालीं चॉसर निवर्तला, तोंवर षष्ठीखेरीज नामांचे बहुतेक प्रत्यय लुप्त झाले होते. प्रत्ययांचें काम आतां शब्दांच्या स्थानाकडे आलें. तथापि खुणा राहिल्या. 'फॉर हिम' यांतील 'हिम' हें मूळचें चतुर्थीचें रूप. द्वितीयेचें 'हिने' मागें पडलें आणि दोहोंचें काम 'हिम'वर आलें. 'हूम'ची कथाही तशीच आहे. 'अलाइव्ह' हा शब्द तर 'ऑन लीफे' या जुन्या शब्दद्वयाचा अवशेष होय. 'लाइफ'मधील 'फ'चा तेथें 'व्ह' झाला, तो त्या चतुर्थीच्या अंत्य स्वरामुळें.

सतराव्या शतकांत निराळाच वाद उपस्थित झाला. कर्म आधीं येऊन अव्यय वाक्याच्या शेवटीं लोंबकळत राहणें, ही इंग्रजीची जुनी लकब. १६७२ सालीं ड्रायडननें बेन जॉन्सनच्या लेखनांत हा दोष दाखविला. आपल्याही लेखनांत तो असल्याचें कबूल केलें, आणि १६८४ च्या आवृत्तींत आपल्या नाट्यविषयक निबंधांतील अशीं वाक्यें बदललीं. लॅटिन भाषेंत 'प्रिपोझिशन' म्हणजे 'पुढें ठेवलेलें'; त्यामुळें तें मागें राहणें पंडितांना रुचेना. १७६२ सालीं बिशप रॉबर्ट लौथनें आपल्या व्याकरणांत अधिक समंजस मत दिलें: बोलण्यांत ही लकब शोभते, गंभीर लेखनांत अव्यय आधीं येणें बरें. गंमत अशी कीं, ही लकब सांगणारें त्याचें वाक्यच अव्ययानें संपतें! पुढील शाळामास्तरांनीं त्याचा समंजसपणा सोडला आणि पसंतीचा निर्बंध केला.

मराठीनें या शब्दजातीला 'शब्दयोगी' म्हटलें, तें अधिक अन्वर्थक होय. अव्यय आधीं येवो वा नंतर, महत्त्व त्याच्या योगाला आहे. तें कोणत्या शब्दाशीं जोडलें आहे, एवढें विद्यार्थ्यानें विचारावें; उत्तरादाखल जो शब्द मिळेल, तेंच त्याचें कर्म.