पुण्यात जन्मलेली महिला परिषद आणि आपण



पुण्याचे फर्ग्युसन कॉलेज आपणां सर्वांना ऐकून तरी माहीत आहे. त्याच कॉलेजात जानेवारी १९२७ मध्ये देशाच्या निरनिराळ्या भागांतून आलेल्या स्त्रिया एकत्र बसल्या होत्या. मुलींच्या शिक्षणात काय सुधारणा हवी, हे त्यांना स्वतःच्या तोंडाने सांगायचे होते. अखिल भारतीय महिला परिषदेचे हे पहिले अधिवेशन. संस्था आता शंभरीच्या उंबरठ्यावर आहे आणि दिल्लीच्या सरोजिनी हाऊसमधून तिचे काम चालू आहे. तिची आठवण आपल्या स्मरणिकेत कशाला, असे कोणी विचारील. थोडा धीर धरावा.

आदल्या वर्षी कलकत्त्याच्या बेथ्यून कॉलेजात बंगालचे शिक्षण संचालक ओटन यांचे भाषण झाले. मुलींना कसले शिक्षण हवे ते स्त्रियांनीच एकमुखाने सांगावे आणि मिळेपर्यंत सांगत राहावे, असा त्यांच्या म्हणण्याचा मथितार्थ होता. मार्गारेट कझिन्स या आयरिश बाईंनी ते मनावर घेतले. त्यांनी ठिकठिकाणी पत्रे धाडली, की आधी आपापल्या गावी परिषद भरवा, ठराव करा, आणि मग पुण्यास या. १९२१ च्या शिरगणतीत शंभर स्त्रियांमागे दोघीसुद्धा साक्षर नव्हत्या, हे लक्षात घ्या, म्हणजे त्या पत्रांचे मोल कळेल. पुण्यास अध्यक्षस्थानी बडोद्याच्या महाराणी चिमणाबाई होत्या. पुढे १९३२ मध्ये परिषदेच्या प्रयत्नाने दिल्लीस लेडी अर्विन कॉलेज निघाले. त्यात गृहविज्ञानावर भर होता. मला स्वतःला तो भर थोडा एकांगी वाटतो. पण मुलींसाठी उच्च शिक्षणाचे एक दार उघडले, हे खरे.

आता आपल्या प्रश्नाकडे वळू. १९२८ मध्ये दुसरे अधिवेशन दिल्लीस भरले. त्याच्या अध्यक्षा कोण? भोपाळच्या बेगम सुलतान जहाँ. भोपाळच्या गादीवर आलेल्या चार स्त्रियांपैकी या शेवटच्या. १९०१ ते १९२६ त्यांनी राज्य चालविले, तेही बहुतेक काळ पडदा पाळून. अलीगढ मुस्लिम विद्यापीठाच्या त्या पहिल्या कुलपती. म्हणजे, वाचकहो, मुलींना शिकविणे ही परक्यांची रीत आहे असे आपल्यापैकी जे म्हणतात, त्यांना आपल्याच घरचा इतिहास ठाऊक नाही.

परिषदेने आरंभी ठरविले होते, की शिक्षणाखेरीज दुसऱ्या विषयात पडायचे नाही. पण ते जमेना. मुलीचे बाराव्या वर्षी लग्न लावून दिले, तर शाळा उघडून उपयोग काय? म्हणून बालविवाहाचा प्रश्न हाती घ्यावाच लागला. १९२९ मध्ये सारडा कायदा झाला आणि १ एप्रिल १९३० पासून तो अमलात आला. त्यात मुलीच्या लग्नाचे किमान वय चौदा ठेवले होते. मुसलमानांना यातून वगळा, अशी मागणी घेऊन काही पुरुष मंडळी व्हाइसरॉयकडे गेली. तेव्हा परिषदेतल्या मुस्लिम भगिनींनी व्हाइसरॉयना उलट निवेदन दिले, की हे मूठभर पुरुषांचे म्हणणे आहे, आमचे नव्हे. आम्हांला हा कायदा हवा. त्या काळी असे लिहून देणे सोपे नव्हते. घरातून, मोहल्ल्यातून काय ऐकावे लागले असेल याची कल्पना आपण करू शकता.

बडोद्याच्या अब्बास तय्यबजींच्या कन्या बेगम शरीफा हमीद अली याच परिषदेतल्या. १९४० मध्ये त्या तिच्या अध्यक्षा झाल्या. १९४७ मध्ये संयुक्त राष्ट्रसंघाच्या महिला आयोगाच्या पहिल्या बैठकीस भारताच्या वतीने त्याच हजर होत्या.

आता कायद्याने मुलीचे वय अठरा आहे. तरी मी हे का लिहितो, ते सांगतो. गेल्या जूनमध्ये शाळा उघडली तेव्हा माझ्या दहावीच्या वर्गातली एक मुलगी आली नाही. गणितात हुशार. घरी गेलो, तर चाचा म्हणाले, "सर, चांगलं स्थळ आलंय, आता शाळा पुरे." अम्मी आतल्या खोलीच्या दारात उभ्या होत्या. त्या काहीच बोलल्या नाहीत; पण मी निघताना त्यांनी विचारले, "फॉर्म भरायची शेवटची तारीख कधी आहे?"

मी तारीख सांगून आलो. मुलीचे नाव अजून पटावरून कमी केलेले नाही.